शवपेटीतल्या विहीणबाई

शिवणवर्ग, वरचा मजला
४ ऑगस्ट

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

मुलांच्या लग्नानंतर आपली पत्रापत्री अशी झालीच नाही, त्यामुळे पाकीट पाहून छातीत धस्स झालं असेल तर आधीच सांगते, सगळे सुखरूप आहेत. मुलगी बरी आहे, जावईबापू बरे आहेत आणि पोटातलं बाळ मजेत लाथा मारतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, सप्टेंबरअखेर येईल.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर लागला की मी मुलीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. पण माझा उजवा गुडघा ऐन वेळी रुसून बसलाय. उपचार सुरू केलेत, ते अर्धा सप्टेंबर तरी चालतील आणि मध्ये सोडता येणार नाहीत. तेवढे दिवस तुम्ही तिच्याकडे जाऊन राहाल का? जावई दिवसभर कामावर असतात, पोर एकटी पडते. नंतर मी येतेच.

तुम्हाला कामाला लावतेय असं कृपा करून समजू नका. शेवटी ते तुमचंही घरच आहे.

फोनच करणार होते, पण दुकानातला फोन व्याही उचलतात आणि गिऱ्हाइकांच्या देखत माझ्या गुडघ्याची चर्चा व्हायला नको, म्हणून हे पत्र.

आपली,
मुलीची आई

*

चष्म्याचं दुकान, मागची खोली
११ ऑगस्ट

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. बाळ लाथा मारतं हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. ह्यांना वाचून दाखवलं. ते गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम सोडून आत आले आणि म्हणाले, पुन्हा वाच.

मला मात्र जाता येणार नाही. दुकानाला रंग द्यायचा आहे. रंगारी तेव्हाच मोकळे आहेत. शिवाय अशा दिवसांत मुलीला आई जवळ हवी असते, सासू नव्हे. हे मी माझ्या अनुभवावरून लिहिते, कुणाला उद्देशून नाही.

गुडघ्याबद्दल तुम्ही फार मोघम लिहिलं आहे. सूज आहे की नुसती कळ? जिना चढताना दुखतो की उतरताना? डॉक्टर कोण? उपचार म्हणजे नक्की काय करतात? सोबत पार्सलने गुडघ्याचा पट्टा पाठवते आहे. माझ्या मापाचा आहे, पण लग्नात आपण शेजारी उभ्या होतो तेव्हा आपली चण सारखीच वाटली होती. दिवसभर घालायचा, झोपताना काढायचा. लोक उलट करतात.

आपली,
मुलाची आई

*

शिवणवर्ग, वरचा मजला
१९ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

पट्टा मिळाला. अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. तो घालून आरशासमोर उभी राहिले आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की आता खरं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मी हॉस्पिटलात जात नाही. मी रोज सकाळी टेकडीवरच्या बंद पडलेल्या हॉटेलात जाते आणि शवपेटीत झोपते.

पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

तिथे एका सिनेमाचं शूटिंग चाललंय. भुताचा सिनेमा. दीडशे वर्षांपूर्वीचा काळ, मोठं घर, धुकं, हातात मेणबत्त्या. कुठल्याशा जुन्या गाजलेल्या गोष्टीवरून घेतलाय म्हणे. मला कपडेपटात बोलावलं होतं, लेस शिवायला. माझ्या वर्गातल्या दोन मुलीही बरोबर होत्या. मग शवपेटीला आतून अस्तर लावायचं काम आलं. उशीशी चुण्या कशा पडतात ते बाहेरून समजेना, म्हणून मी सरळ आत जाऊन आडवी झाले. अस्तर मऊ, वर पंखा, दुपारची वेळ. तेवढ्यात दिग्दर्शिका आली. तिशीची पोरगी आहे, गळ्यात शिट्टी घालून हिंडते. तिने मला पाहिलं आणि ओरडली, "अरे, ह्या मावशींचा श्वास चालू आहे ना?"

झालं असं, की भुताचं काम ज्या अभिनेत्रीबाई करणार होत्या त्यांना पेटीचं झाकण लावलं की खोकल्याची उबळ यायची. दुसऱ्याच दिवशी त्या पाया पडून घरी गेल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, मला अभिनय येत नाही. ती म्हणाली, "मावशी, छाती न हलवता श्वास घेता येतो ना, तेवढं पुरे. हे कुठे शिकलात?"

कुठे शिकणार! तुमची सूनबाई तान्ही असताना माझ्या कुशीशिवाय झोपायची नाही आणि मी इतकंसं हलले की टक्क जागी व्हायची. वर्षभर मी मेल्यासारखी पडून काढलंय. तेव्हा वाटायचं हे कष्ट वाया गेले.

विहीणबाई, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. आता तीन माणसं मिळून मला कपडे घालतात, एक जण तोंडाला राख फासतो, एक जण छत्री धरतो. आणि मला ते आवडतंय. मेल्यावर इतकी मजा असते हे माहीत नव्हतं.

मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. दिवस भरत आलेल्या पोरीला "तुझी आई शवपेटीत आहे" हे कुठल्या तोंडाने सांगू? आधीच ती स्वप्नं पडली तरी रडते. म्हणून गुडघा. तुम्हीही सांगू नका. आणि जमलं तर रंगाऱ्यांना चार दिवस पुढे ढकला.

ता. क. ज्या बाईचं भूत मी करते ती त्या घरातली सासू असते. मुलगा नवी नवरी आणतो, आणि आई मरूनही घर सोडत नाही.

आपली अपराधी,
मुलीची आई

*

चष्म्याचं दुकान, मागची खोली
२६ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा काळजी वाटली, कारण झाकण लावलेल्या पेटीत हवा कुठून येते हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिसऱ्यांदा मात्र हसू आलं. ह्यांना कारण सांगितलं नाही, तुमचा शब्द पाळला.

मग मी वाचनालयात जाऊन ती मूळ गोष्ट आणली. ग्रंथपालांना वर्णन सांगितलं, त्यांनी लगेच काढून दिली. रात्रीचं वाचायचं धाडस नव्हतं, म्हणून दुकानात बसून वाचली. त्यात सासू नाही. एक घर आहे, एक आजारी माणूस आहे, त्याची तरुण बायको आहे, वारा पुष्कळ आहे. सासूचा उल्लेखही नाही. मग ही आली कुठून? मेलेली बाई हवी होती तर मावशी चालली असती, आत्या चालली असती. घाबरवायचं म्हटलं की सासूच का सुचते लोकांना? तुमच्या शिट्टीवाल्या पोरीला माझ्यातर्फे विचारा.

आता तुम्ही खरं लिहिलंत तर मीही लिहिते. दुकानाला रंग द्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वीच दिला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे आठ दिवस राहिले होते. सूनबाई नोकरीला जायची, मी घरात रिकामी. स्वयंपाकघरातले डबे कसेही लावलेले. साखर वर, मीठ खाली, चहा कुठेतरी तिसरीकडेच. मी डबे नीट लावले. एवढंच. पुसले, चिठ्ठ्या चिकटवल्या, जुनं पीठ होतं ते टाकलं. पडदे धुवायला काढले. ती दमून आली, तिने डबे पाहिले. "छान दिसतंय" म्हणाली. मग मी कपडेही लावले.

मी परत आल्यावर मुलाचा दुकानात फोन आला. म्हणाला, "आई, थोडे दिवस येऊ नकोस." थोडे म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ह्यांच्याशी बोलतो, हवापाणी विचारतो. बाळाची बातमी त्यानेच दिली, पण "या" असं काही म्हणाला नाही.

तेव्हा मी न बोलावता कशी जाऊ? हे कुणाकडे बोलले नव्हते. तुमच्या मुलीबद्दल माझी तक्रार नाही. मला फक्त कळत नाही की त्यात चुकलं काय.

आपली,
मुलाची आई

*

टेकडी, कपडेपटाची खोली
२६ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता पुन्हा लिहितेय, कारण आज जे झालं ते सांगायला इथे माझं असं कुणी नाही.

आज सगळ्यांनी टाळ्या वाजवून माझी पाठ थोपटली! दिवसाढवळ्या खिडक्यांना काळे पडदे लावून त्यांनी रात्र केली होती. सीन असा, की नवी नवरी खडबडून जागी होते, मेणबत्ती घेऊन स्वयंपाकघराशी येते आणि आत सासूचं भूत दिसतं. कागदावर एवढंच लिहिलं होतं, "भूत उभे आहे." मी दोनदा उभी राहिले. दिग्दर्शिका म्हणाली, "मावशी, नुसतं बसथांब्यावर उभं राहिल्यासारखं वाटतंय. हे घर तुमचं आहे. तुम्ही इथे काय कराल?"

मी फळीपाशी गेले. तिथे चिनी मातीच्या बरण्या मांडल्या होत्या. एकेक बरणी उचलली, झाकण काढून वास घेतला, फडक्याने पुसली आणि चिठ्ठी समोर येईल अशी फिरवून ठेवली. नवरीने हौसेने लावलेली अख्खी रांग मी शांतपणे बदलली. मग फळीवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि मग नवरीकडे.

विहीणबाई, ती नटी खरोखर किंचाळली! दिवेवाला म्हणाला, त्याच्या अंगावर काटा आला, त्याला त्याची आई आठवली. दिग्दर्शिकेने येऊन माझे हात धरले. म्हणाली, "रक्त नाही, दात नाहीत, नुसत्या बरण्या, आणि काय भीती वाटली! कुठून सुचलं?" मी म्हटलं, असंच सुचलं.

आता तुम्हाला वाटेल ही म्हातारी हवेत गेली. गेलेच आहे. कुणाला तरी सांगायचं होतं.

आणि तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, पेटीच्या डोक्याकडे अस्तरामागे हवेसाठी भोकं पाडलीत. काळजी नसावी.

आपली,
मुलीची आई

*

चष्म्याचं दुकान
१ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

आपली पत्रं एकाच दिवशी निघाली आणि वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. एव्हाना माझं तुम्हाला मिळालं असेल.

बरण्यांचा सीन वाचला. तुम्हाला तो कुठून सुचला हे दिग्दर्शिकेला माहीत नसलं तरी मला माहीत आहे. तुमच्या मुलीने तुम्हाला माझी गोष्ट साग्रसंगीत सांगितलेली दिसते. माझ्यावरून दिवेवाल्यालाही काटा आला, हे वाचून बरं वाटलं.

पट्टा परत पाठवू नये.

मुलाची आई

*

टेकडी, कपडेपटाची खोली
६ सप्टेंबर

प्रिय विहीणबाई,

तुमची दोन्ही पत्रं पुढे ठेवून बसलेय. मेकअपवाला म्हणतो, आज राख कमी लागली, चेहरा मुळातच उतरलाय.

मी शपथेवर सांगते, ते करताना तुम्ही माझ्या मनात नव्हता. मुलीने हिवाळ्यात एकदा हसत हसत सांगितलं होतं, "आई, आमचे डबे आता सैन्यासारखे उभे राहिलेत." तेवढंच. तुम्हाला येऊ नका म्हटलंय हे ती बोलली नाही, आणि मला वाटत नाही की तिला ते माहीत आहे. ते शब्द मनात कुठेतरी राहिले असणार आणि नेमके तिथे बाहेर आले. पण माझ्या मनात नव्हतं म्हणून तुम्हाला लागलं नाही, असं थोडंच आहे?

काल दिग्दर्शिकेकडे गेले. म्हटलं, तो सीन काढून टाक, मी दुसरं काहीतरी भयंकर करते, दात लाव हवं तर. ती म्हणाली, सिनेमातला सगळ्यात चांगला सीन आहे, काढणार नाही. मी म्हटलं, मग मी पेटीत झोपणार नाही. खूप वादावादी झाली. शेवटी ती शिट्टी बाजूला ठेवून म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय वाटतं, ती सासू घाबरवायला आलेली असते का?"

मी विचार केला. खरं सांगू? मला तसं कधीच वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती मुलाच्या घरात आलीय, तिला काहीतरी करायचंय, आणि बसा म्हणायला कुणी नाही. हातांना दुसरं काय येतं? म्हणून बरण्या.

तो सीन राहील की जाईल, माझ्या हातात नाही. तुमची माफी मागणं हातात आहे, ती मागते. परवापासून कबरीतला शेवटचा भाग आहे. खाली तळघरात आहे सगळं, तिथे निरोपही पोहोचत नाही. आठवडाभर मी खऱ्या अर्थाने गेलेलीच समजा. तेवढ्यात मुलीला काही लागलं तर काय करायचं?

तुमची,
मुलीची आई

*

मुलाचं घर
१५ सप्टेंबर

प्रिय विहीणबाई,

अभिनंदन. आपल्याला नात झाली. नऊ तारखेला, ठरल्याआधीच आली. वजन थोडं कमी आहे, आवाज अजिबात कमी नाही. मायलेकी उत्तम आहेत. आता निवांत बसून पुढचं वाचा.

नऊ तारखेला सकाळी मुलाचा दुकानात फोन आला. ह्यांनी उचलला आणि पहिल्यांदाच हवापाण्याचं न बोलता माझ्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "आई, हिला हॉस्पिटलात आणलंय, तिच्या आईकडे सकाळपासून फोन लावतोय, कुणी उचलत नाही." मग म्हणाला, "तू येतेस?"

मी तशीच निघाले. पिशवीत एक कोरा टॉवेल आणि ह्यांचा दुकानातला टेबलघड्याळाचा सेल, का घेतला ते विचारू नका.

सूनबाई हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवसापासून मी एक नियम केला. कशालाही हात लावायचा नाही. चहा करायचा तर साखर कुठे म्हणून विचारायचं, घ्यायची, होती तिथेच ठेवायची. इतर वेळी हात पाठीमागे धरून चालायचं. फळीवर धूळ होती, विहीणबाई. माझं बोट शिवशिवायचं. मी दुसऱ्या हाताने ते धरून ठेवायची. तीन दिवस सूनबाई नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "आई, तुमचे हात दुखतात का?"

मी म्हटलं, "नाही ग. आवरून धरलेत."

ती आधी समजली नाही. मग समजली. मग तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही रडणार, आणि दूध पाजताना रडू नये म्हणून मी घाईघाईने म्हटलं की मुलाने फोनवर सांगितलं होतं, तेव्हापासून मी सांभाळून असते. तिला तो फोन माहीतच नव्हता. तुमचा अंदाज बरोबर निघाला. तिने माझ्या मुलाला हाक मारली. बाळ मांडीवर असताना बाई हळू आवाजात किती भयंकर बोलू शकते, ते मी परवा पाहिलं. तो म्हणाला, "तू रोज चिडचिड करायचीस, मला वाटलं…" ती म्हणाली, "मी डब्यांवर चिडले होते, आईंवर नाही. आणि चिडले तर मी सांगेन ना त्यांना. तू कोण मधला?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आई, तुम्ही साखर इतक्या खाली ठेवली होती की वाकून कंबर मोडायची. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "खरंच ग, मी माझ्या उंचीने लावले होते." माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती माझ्याहून वीतभर उंच आहे.

काल तिने हाक मारली, "आई, वरचा डबा जरा काढून द्या ना." मी स्टूल घेऊन चढले. तुम्हाला म्हणून सांगते, डबा देऊन झाल्यावरही मी लगेच स्टुलावरून उतरले नाही.

तुमची चौकशी होतेच. मी सांगितलं की गुडघ्याच्या हॉस्पिटलात आठवडाभर फोन घेऊ देत नाहीत, मेंदूला आराम पडावा म्हणून. गुडघ्याचा मेंदूशी काय संबंध, असं मुलाने विचारलं. मी म्हटलं, नवीन शोध आहे. इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. यापुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

तुमच्यावर मी आता रागावलेली नाही. तुम्ही तिकडे मेलात, म्हणून मला इकडे घरात घेतलं. ह्यापेक्षा जास्त कुठली विहीण करणार?

तुमची,
मुलाची आई

*

टेकडी, कपडेपटाची खोली
१८ सप्टेंबर

अहो आजीबाई,

नात! मी तळघरातून वर आले तर टेबलावर तुमचं पाकीट. राख फासून तयार होते, शेवटचा एकच शॉट उरला होता. मेकअपवाला नको म्हणत असतानाही फोडलं. पहिल्या ओळीलाच डोळ्यांतून धारा. राखेतून दोन ओघळ गेले, त्यावर मी हाताने पुसलं, सगळा चिखल. मेकअपवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. दोन तासांचं काम होतं त्याचं.

मग पुन्हा रंगवून पेटीत ठेवलं. झाकण उघडतं, मी डोळे उघडते, नवरी कोसळते, एवढंच होतं. आणि मला हसू आवरेना! झाकण उघडलं की तोंड आपोआप फाकायचं. एकदा, दोनदा, चारदा. दिग्दर्शिका म्हणाली, "मावशी, भूत इतकं खूश का आहे?" मी आतूनच सांगितलं, "नात झाली." तर वर मचाणावर बसलेल्या दिवेवाल्यापासून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोसळायची ती नवरी पेटीत वाकून मला मिठीच मारून बसली. तिच्या पांढऱ्या कपड्यांवर राख. शेवटी जेवणाची सुटी द्यावी लागली. सुटीनंतर मी काहीतरी फार दुःखाचं आठवून तो शॉट दिला. खरं तर पाच तारखेला आलेलं विजेचं बिल आठवलं.

माझी पोर एकटी नव्हती, तुम्ही होता, हे मी किती वेळा मनात म्हटलं ते सांगता येणार नाही. रविवारी पोहोचते. मुलीला सगळं मीच सांगणार, पेटीसकट. रडली तर तुम्ही शेजारी असा. आणि मी आले म्हणून लगेच बॅग भरू नका. आपण दोघी एका खोलीत झोपू. मी अजिबात हलत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमची,
मुलीची आई

*

चष्म्याचं दुकान, मागची खोली
२ जून

प्रिय विहीणबाई,

दुसऱ्या सिनेमात तुम्ही शेवटपर्यंत जिवंत आहात, हे वाचून ह्यांना फार बरं वाटलं. शूटिंगच्या गावचं पाणी उकळून प्या.

शनिवारी आम्ही मुलाकडे गेलो आणि सगळ्यांनी मिळून तुमचा सिनेमा पाहिला. नातीला शेजारीणबाईंकडे ठेवलं. तुमचं पोस्टर सूनबाईने स्वयंपाकघराच्या दारावर लावलं आहे. दूध नाकारलं की नातीला ती दाखवते, "ही बघ, आजी बघतेय." नात पोस्टरची पापी घेते.

सिनेमा चांगला आहे. धुकं थोडं जास्त झालं. तुम्ही जिन्यावरून उतरता तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने बायकोच्या खांद्यात तोंड लपवलं. कॉलरची लेस उत्तम दिसते. पेटीत तुम्ही इतक्या मेलेल्या होता की सूनबाईने माझा हात धरला आणि तो सुटेचना. मी तिच्या कानात सांगितलं, "डोक्याकडे भोकं आहेत."

पण मी वाट पाहत होते बरण्यांची. गेले आठ-नऊ महिने मी त्या सीनची तयारी करत होते. आधी राग धरून, मग राग सोडून. नवरी मेणबत्ती घेऊन निघाली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. दार उघडलं. तुम्ही फळीपाशी पाठमोऱ्या. एक बरणी उचललीत, आणि लगेच बाहेर विजा! पुढचा सीन सुरू! मी न राहवून म्हटलं, "बरण्या कुठे गेल्या?" मला वाटलं हळू म्हटलं. अख्खं थिएटर वळून बघायला लागलं. मागून कुणीतरी "श्शू" केलं. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, माझ्याशी ओळखच नसल्यासारखं.

एका शिंकेइतका सीन! एवढ्यासाठी मी तुमच्याशी अबोला धरला? तुमच्या त्या पोरीला सांगा, माझा सर्वांत चांगला भाग तिने कापला.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "आई, कुठल्या बरण्या?" तेव्हा मग सांगितलं सगळं. तुमचं पत्र, माझं पत्र, दिवेवाल्याचा काटा. सूनबाई हसून हसून खाली बसली. म्हणाली, "करून दाखवा." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "करून दाखवाच." मुलाने जाऊन दिवा घालवला आणि टॉर्च धरला.

मी केलं, विहीणबाई. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या डब्यांसमोर. एकेक उचलला, वास घेतला, पुसला, फिरवला. फळीवरून बोट नेलं, बोटाकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती "आई ग!" करून ओरडली, मुलाच्या हातातला टॉर्च पडला, आणि शेजारीणबाईंच्या कडेवरून आत आलेली नात टाळ्या पिटायला लागली. हे म्हणाले, तिसाव्या वर्षी सिनेमात गेली असतीस तर मी दुकान काढलंच नसतं. फळी स्वच्छ होती, हेही नमूद करते.

रविवारी सकाळी निघालो. मुलगा बसपर्यंत सोडायला आला. हे आत जागा धरायला चढले, मी खिडकीत बसले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, खूप आवाज होता. मुलगा खालून म्हणाला, "आई, पुन्हा कधी येशील?"

मी कानाला हात लावून खूण केली, ऐकू येत नाही. तो गर्दीतून वाट काढत अगदी खिडकीशी आला, टाचा उंच करून मोठ्याने ओरडला, "पुन्हा कधी येशील?" सगळी बस बघत होती.

मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

तुमची,
मुलाची आई